बिहीची परात

रविवारी सकाळी शेवटचे पाव भट्टीबाहेर आले, की स्तमाता ॲप्रनला हात पुसायची आणि बेकरीचं दार सताड उघडं टाकायची. मग अख्खी गल्ली आपलं दुपारचं जेवण तिच्या हवाली करायला यायची. कुणाची परात हातात, कुणाची कमरेवर, कुणी दोघी बहिणी दोन बाजूंनी धरून, एकमेकींवर खेकसत. परातीवर जाड कागद, कागदाखाली कच्चं मटण, बटाटे, वांगी, आणि ज्याच्या त्याच्या घराचा म्हणून एक वास. घरोघरी विजेच्या भट्ट्या आल्या होत्या. पण ग्रीसमधल्या व्होलोसच्या या बंदराकडच्या वस्तीत रविवारचं जेवण अजून लाकडाच्या भट्टीतच भाजलं जायचं. पाव काढून झाल्यावर विटांमध्ये जी मऊ, दमाची धग उरते, ती बटण दाबून कुठून येणार?

सव्वीस वर्षं स्तमाता या काउंटरवर उभी होती. परातींना तिने कधी बिल्ले लावले नाहीत की नावं चिकटवली नाहीत. कागदाचं टोक उचलायचं, एक नजर टाकायची, झालं. बटाटे चंद्रकोरीसारखे कापलेले, तर पोलिक्सेनीचे. ओबडधोबड, एक लहान एक मोठा, तर कोझ्मासकाकांचे. बायको गेल्यापासून ते स्वतःच कापतात. लसणाची अख्खी गड्डी मधोमध बसवलेली, तर ती सुताराच्या घरची. हस्ताक्षरावरून माणूस ओळखावं, तसं ती कापावरून घर ओळखायची. सव्वीस वर्षांत एकही परात चुकीच्या घरी गेली नव्हती.

लांब दांड्याच्या फावड्याने परात आत सरकवताना ती गुणगुणायची. तिची आजी समुद्रापलीकडून आली तेव्हा हात रिकामे होते, पण गळा भरलेला होता. त्या गळ्यातली दोन-दोन ओळींची गाणी नातीकडे आली होती. काही आजीची होती, बरीचशी तिथल्या तिथे जोडलेली.

भट्टी गं माझी बाई, मोठी लेकुरवाळी
वीस घरांची भूक एका पोटी सांभाळी

दुपारी परात न्यायला आलं, की जो तो कागद उघडायचा आणि पहिला घास स्तमाताच्या ताटलीत ठेवायचा. एक बटाट्याची फोड, मटणाचा एक तुकडा, वांग्याची अर्धी चकती. त्याला 'भट्टीचा वाटा' म्हणायचे. कुणी सुरू केला, कुणालाच आठवत नव्हतं. एक वाजता बेकरी बंद करून स्तमाता ती ताटली घरी न्यायची, खिडकीपाशी बसायची आणि वीस घरांचं जेवण एकटीने जेवायची. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. आठवड्याचे सहा दिवस ती ताटात काय आहे न बघता जेवायची. रविवारी मात्र प्रत्येक घासाला एक नाव असायचं.

म्हणून शुक्रवारी आर्गिरिस जे बोलला ते तिच्या घशाखाली उतरलं नव्हतं.

आर्गिरिस हा मालकाचा पुतण्या. म्हाताऱ्या मालकाची पाठ धरली, म्हणून तो उन्हाळ्यात अथेन्सहून दुकान सांभाळायला आला. मुलगा वाईट नव्हता. क्रीमचे केक असे करायचा, की पोरीबाळी काचेला नाक लावून उभ्या राहायच्या. पण त्याने येताना एक तक्रारवही आणली होती. काउंटरच्या कोपऱ्यात ती दोरीने बांधलेली असायची, तिलाच पेन्सिल. त्या महिन्यात वहीत परातींबद्दल तीन तक्रारी चढल्या होत्या. एकीच्या वांग्यांची कड करपली. एकीचा रस्सा सांडला. तिसरीच्या कोंबडीची एक तंगडी गायब झाली. ती तंगडी घरून निघतानाच तिच्या नवऱ्याने कच्ची बाजूला काढून मांजरीला दिली होती, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. वहीत फक्त ते नव्हतं.

"मावशी," आर्गिरिस शुक्रवारी म्हणाला होता, "आता चौथी तक्रार आली की हे बंद. रविवारी भट्टीत आपले केक भाजू. लोकांची जेवणं राखत बसणं हा आपला धंदा नाही."

"आणि चौथी आलीच नाही तर?"

"इथे?" तो हसला. "इथे लोक पावातलं भोक मोठं आहे म्हणून भांडतात."

"भांडतात खरे. पण दुसऱ्या दिवशी त्याच पावाला येतात. बघ तू, नाही येत चौथी."

ती हे ठणकावून बोलली होती, कारण तिला तसं बोलायचीच सवय होती. पण त्या दोन रात्री तिला नीट झोप लागली नव्हती.

*

त्या रविवारी सगळ्यांत शेवटी आली ती आसिमिना. पोलिक्सेनीची सून. चार महिन्यांपूर्वी डोंगरातल्या गावातून लग्न होऊन खाली आलेली. दर रविवारी पोलिक्सेनी पहाटे स्वतःच्या हाताने परात लावायची, चर्चला पुढच्या खुर्चीसाठी लवकर निघायची, आणि सुनेचं काम फक्त परात बेकरीत पोचवायचं. पाच मिनिटांची हमाली.

आज आसिमिनाला पोचायला तासावर वेळ लागला होता. गुडघ्यावर मोजा फाटलेला, त्यातून रक्त सुकलेलं. कागद ओलसर.

"अगं, काय झालं तुला?"

"मावशी, पडले मी." तिचा आवाज एवढासा. "बंदराच्या दगडी जिन्यावर. सातव्या पायरीवर. परात कलंडली. मटण कागदात अडकलं म्हणून वाचलं, पण बटाटे… मावशी, बटाटे उड्या मारत खाली गेले. टप, टप, टप, बंदरापर्यंत. मी पळाले, पण किती धरणार? कुत्री आली."

स्तमाताला हसू आलं. ते तिने गालातच दाबलं.

"मग?"

"घरात एक बटाटा नव्हता. आईंनी सगळे घातले होते. दुकानं बंद. मग अंगणातल्या झाडाची बिही काढली. आमच्या गावाला ऑक्टोबरात मटण बिहीतच करतात. दालचिनी, दोन लवंगा, थोडा मध. मला दुसरं काही येतच नाही मावशी, मला तेवढंच येतं."

स्तमाताने कागद उचलला. खाली मटणाच्या भोवती बिहीच्या, त्या सफरचंदासारख्या पण टणक, तुरट फळाच्या, जाड पिवळ्या फोडी गोल लावल्या होत्या. लव काळजीपूर्वक पुसलेली, सालं ठेवलेली, प्रत्येक फोडीत एक छोटी खाच. त्या खाचेत स्तमाताला एक अख्खं अनोळखी घर दिसलं. सव्वीस वर्षांत हा काप तिच्या काउंटरवर आला नव्हता.

"सासूला सांगितलंस?"

"त्या चर्चमध्ये आहेत. मावशी, आज लारिसाहून त्यांची धाकटी जाऊ येणार आहे जेवायला. त्यांचे बटाटे खायलाच येते ती. आता मी काय करू?"

"कागद उघडायच्या आत सांग. कागदाआधी तोंड उघडलं, तर फार काही होत नाही." स्तमाताने परात फावड्यावर घेतली. "आणि हे बघ, बिहीला धग लागते हळू. मी मागच्या बाजूला ठेवते, विटांच्या कुशीत. त्याची काळजी तू करू नकोस."

तिने परात आत सरकवली आणि नेहमीसारखं काहीतरी गुणगुणली. शब्द मात्र आज जुळून आले नाहीत.

*

बाराला चर्च सुटून गर्दी उसळली. काउंटरवर नेहमीची हातघाई सुरू झाली.

"स्तमाता, काल तू दिलेल्या पॅटिसमध्ये चीज नव्हतं. नुसती हवा."

"हवेचे पैसे नाही घेतले हो. हे घ्या, आजचं उघडून दाखवते, चीज दिसतंय ना? आता तक्रार चावून खा."

"मी कडक पाव मागितला होता. हा बघ, बोट दाबलं की आत जातंय."

"तुमचं बोट आहे की खिळा? दुसरा देते. पण हा तुमचाच, बोटाची खूण आहे त्यावर."

तेवढ्यात कोझ्मासकाका गर्दी फोडून आले. जुने खलाशी, आवाज अजून वाऱ्यावर बोलल्यासारखा. त्यांनी पाव काउंटरवर आपटला. पावाचं एक टोक नव्हतं.

"हे काय आहे? उंदरानं खाल्लेला पाव विकतेस?"

मागे, आतल्या दारात, केकवर क्रीम काढत उभ्या असलेल्या आर्गिरिसने मान वर केली. त्याची नजर वहीकडे गेली.

स्तमाताने पाव उचलला, फिरवून बघितला, मग काकांच्या तोंडाकडे बघितलं.

"उंदीर पांढऱ्या मिशांचा होता का हो काका?"

काकांचा हात मिशीकडे गेला. तिथे पावाचे तीन कण होते. रांगेत खसखस पिकली.

"वाटेत बंदरावर जरा बसलो होतो," काका पुटपुटले. "नाव लागत होती. बघता बघता…"

"बघता बघता टोक गेलं. गरम पाव हातात घेऊन समुद्राकडे बघायचं नाही, किती वेळा सांगितलंय."

"काका, तक्रार लिहायची आहे का?" आर्गिरिसने आतून विचारलं.

"तक्रार? कसली? पाव चांगला होता म्हणूनच तर खाल्ला ना मी! केकवाल्या, तू तुझं बघ."

स्तमाताचा जीव भांड्यात पडला. एक तक्रार टळली. परातीही एकेक करून जात होत्या. कागद उघडत होते, वाफा निघत होत्या, तिच्या ताटलीत घास साठत होते. सुताराच्या बायकोची लसणाची पाकळी. कोझ्मासकाकांचा ओबडधोबड बटाटा. आसिमिना आली तेव्हा गर्दी एवढी होती, की दोघींना चार शब्दच बोलता आले.

"सांगितलंस?"

"नाही मावशी. त्यांच्या मैत्रिणी होत्या बरोबर."

"वाटेत सांग."

आसिमिनाने मान हलवली. कागद न उघडताच ती परात घेऊन गेली. तिच्या परातीतून भट्टीचा वाटा निघाला नाही. स्तमाताने ते पाहिलं आणि तिला कळलं, की ही पोर वाटेतही सांगणार नाही.

*

वीस मिनिटांनी दार धाडकन उघडलं.

पोलिक्सेनी पुढे. काळा कोट, चर्चचा सोनेरी ब्रोच, गाल लाल. परात तिने स्वतः छातीशी धरली होती. मागे आसिमिना, जिन्याच्या दगडासारखी पांढरी. दुकानात अजून दहा-बारा माणसं होती.

"स्तमाता!" परात काउंटरवर आदळली. "सव्वीस वर्षं तू माझी परात सांभाळलीस. सव्वीस वर्षं मी जगाला सांगितलं, की ती बाई डोळे मिटूनसुद्धा चुकायची नाही. आणि आज माझी जाऊ लारिसाहून माझ्या घरी येते, मी तिच्यापुढे कागद उघडते, आणि आत काय? फळं! माझे बटाटे कुठे आहेत?"

आतला क्रीमचा चमचा वाजायचा थांबला.

"परात तुझीच आहे पोलिक्सेनी," स्तमाता म्हणाली. "उलटी करून बघ. तुझ्या नवऱ्याने खिळ्याने नाव कोरलंय बुडाला."

"परात माझी आहे हे मला दिसतंय! मी काय आंधळी आहे? पण जेवण माझं नाही. आतलं बदललं कुणी?"

"भट्टीत गेलं तेच बाहेर आलं."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"कुणी चोरले असतील तुझे बटाटे," कोझ्मासकाका मध्येच बोलले. ते पावाच्या दुसऱ्या टोकाशी आले होते. "एवढे चांगले बटाटे मिळाल्यावर माणूस परत कशाला येईल?"

"बघा!" पोलिक्सेनीला ते पटलं. "तेच म्हणतेय मी! माझे बटाटे कुणीतरी आत्ता टेबलावर बसून खातंय आणि गप्प बसलंय!"

आर्गिरिस बाहेर आला. हात पुसत, चेहऱ्यावर दुकानदाराची माफी. त्याने वही उघडली, पेन्सिल ओढली.

"बाई, आमची चूक झाली. मनापासून माफी मागतो. तुमच्यासाठी एक केक, आमच्याकडून. आणि हा त्रास पुन्हा कुणाला होणार नाही, कारण पुढच्या रविवारपासून आपण परातीच घेणार नाही."

रांगेत कुजबुज झाली. "घेणार नाही? म्हणजे?"

स्तमाताने आसिमिनाकडे पाहिलं. पोरीचे डोळे तिच्यावरच होते, पाण्याने काठोकाठ.

दोन वाटा होत्या, दोन्ही तिला स्वच्छ दिसत होत्या. 'हो, माझ्याच हातून चुकलं' म्हणावं, की पोर सुटली. पण मग सव्वीस वर्षं पुसली गेली, वहीत चौथी ओळ चढली आणि भट्टी गेली. किंवा खरं सांगावं, की भट्टी वाचली. पण मग चार महिन्यांची सून बारा माणसांसमोर उघडी पडली, तेही दुसऱ्याच्या तोंडून. स्तमाताच्या जिभेवर 'माझं चुकलं' आलंही होतं. एवढं सोपं होतं ते. पण हात मात्र सवयीने वेगळंच करत होते. त्यांनी मागून एक गरम पाव घेतला होता आणि त्याची जाड चकती कापली होती.

आणि एकाएकी तिला वाटलं, बरोबर. आधी हेच.

"आर्गिरिस, पेन्सिल खाली ठेव जरा. पोलिक्सेनी, हे चाखलंस का?"

"परक्याचं जेवण मी कशाला चाखू?"

"परक्याचं आहे की नाही, ते चाखल्याशिवाय कळणार कसं? तू सव्वीस वर्षं मला सांगत आलीस, की तुझी जीभ गल्लीत एक नंबर. मग सांग ना, कुणाच्या हातचं आहे. एवढंच सांग."

हे पोलिक्सेनीला नाकारता येईना. तिने पावाची चकती घेतली, नाक मुरडत रश्श्यात बुडवली. बिहीची एक फोड वर घेतली. दुपारच्या उन्हात ती मधासारखी दिसत होती, कडेने किंचित तांबूस, मटणाचा रस प्यालेली. तिने ती तोंडात घातली.

पोलिक्सेनी चावत राहिली. तिची भुवई हळूहळू खाली आली. तिने आणखी एक घास घेतला, बहुतेक स्वतःच्याही नकळत.

"दालचिनी कमी आहे," ती म्हणाली.

मग तिसरा घास.

"कुणी केलंय हे?"

स्तमाताने पाव पुढे ओढला आणि कापायला लागली. एक चकती, दुसरी चकती. घाई नव्हती. ती आसिमिनाकडे बघत नव्हती, मुद्दाम.

"ज्याने केलंय तो सांगेल. मी नाही सांगणार. माझ्या भट्टीत कागदाखाली जे येतं ते माझ्या तोंडात कागदाखालीच राहतं. सव्वीस वर्षं मी कुणाच्या घरातलं वर काढलं नाही, आज काढायची नाही." तिने चकत्या रांगेकडे सरकवल्या. "घ्या, बुडवा तुम्हीपण. मला वेळ आहे. भट्टी अजून गरम आहे."

कोझ्मासकाकांनी पहिली चकती बुडवली. मग सुताराची बायको. पाव चावल्याचा आवाज तेवढा येत होता.

"मी केलं, आई."

आवाज एवढासाच होता, पण सगळ्यांनी ऐकला. आसिमिना काउंटरपाशी आली होती.

"मी पडले. परात माझ्या हातून कलंडली. तुमचे बटाटे जिन्यावरून खाली गेले. घरात दुसरे नव्हते, म्हणून झाडाची बिही घातली. आमच्याकडे असंच करतात. सकाळीच सांगायचं होतं, वाटेत सांगायचं होतं. भीती वाटली. स्तमातामावशीची काही चूक नाही. त्यांनी मला तीनदा सांगितलं, सांग म्हणून."

दोनदाच, स्तमाताने मनात दुरुस्त केलं.

पोलिक्सेनीच्या हातात पावाचा तुकडा तसाच राहिला. तिने सुनेकडे पाहिलं, मग खाली, फाटलेल्या मोज्याकडे. चर्चहून येताना, घरात, टेबलावर, तिने तो मोजा पाहिलाच नव्हता. स्तमाताला वाटलं, आता फुटेल ही बाई. इकडे किंवा तिकडे.

"कुठल्या पायरीवर?" पोलिक्सेनीने विचारलं.

"सातव्या."

"सातव्या!" ती गर्रकन दुकानाकडे वळली. "ऐकलंत? त्या सातव्या पायरीबद्दल मी नगरपालिकेत तीन वेळा जाऊन आले! तीन वेळा! तिथला तो टकल्या म्हणतो, बाई, पायरी हलत नाही, तुम्ही हलता. आता जाते उद्या. हिला घेऊन जाते, गुडघा दाखवायला. बघू काय हलतं ते!" मग वळून, एकदम खालच्या पट्टीत, "फार लागलं का गं?"

"नाही आई."

"नाही म्हणे. रक्त आलंय." तिने कोटाच्या खिशातून रुमाल काढला, सुनेच्या हातात कोंबला. "आणि मध कुठला घातलास?"

"तुमच्या कपाटातला."

"वरच्या फळीचा?"

"हो."

"तो पाहुण्यांसाठी असतो." ती थांबली. "बरं, पाहुणीच आलीय म्हणा आज. बसलीय तिकडे, रिकाम्या ताटापुढे."

मग तिला आठवलं की तिने हरायचं नसतं. ती स्तमाताकडे वळली.

"तुला माहीत होतं!"

"सकाळपासून."

"आणि मला ओरडू दिलंस? सगळ्यांसमोर?"

"तू विचारलंस बटाटे कुठे. ते मला खरंच माहीत नाहीत. बंदरातल्या कुत्र्यांना विचार."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. पोलिक्सेनीचा ओठही एका बाजूने हलला, तो तिने ताबडतोब जागेवर आणला.

आर्गिरिस अजून वही उघडी ठेवून उभा होता. पेन्सिल त्याने खाली ठेवलीच नव्हती.

"म्हणजे… तक्रार आहे की नाही बाई?"

"आहे तर! लिही."

आर्गिरिसने पेन्सिल कागदावर टेकवली.

"लिही. मटणाला रस्सा एवढा सुटलाय आणि पाव मात्र एकच नेला घरी. या दुकानाने सांगायला नको, की बिही आहे, दोन न्या? लिहिलंस?" तिने वहीत डोकावून पाहिलं. "आणि तू मघाशी काय म्हणालास? पुढच्या रविवारपासून परात घेणार नाही?"

"चार तक्रारी झाल्या बाई. मी ठरवलंय, की रविवारी केक…"

"केक." पोलिक्सेनीने तो शब्द असा उच्चारला, की काचेमागचा केकसुद्धा संकोचला असेल. "बाळा, माझ्या जावेने आज माझे बटाटे खाल्ले नाहीत. पुढच्या रविवारी ती पुन्हा येणार, कारण मी तिला आत्ता घरी जाऊन तसं बजावणार आहे. ते बटाटे मी कुठे भाजू? तुझ्या क्रीममध्ये?"

"घरच्या भट्टीत…"

"घरच्या भट्टीत माझी परात मावत नाही. ही बघ केवढी आहे. सुतारवहिनी, तुझी मावते?"

"माझीही नाही."

"काका, तुमची?"

"मला ते बटणच कळत नाही," कोझ्मासकाका म्हणाले.

"मग? भांडायचं तर आम्ही भांडू. भांडणाचा हक्क आमचा. आम्ही या काउंटरवर भांडतो म्हणून तू भट्टी बंद करणार? उद्या म्हणशील, लोक भाव विचारतात म्हणून दुकान बंद. तुझ्या काकाला विचार, त्याच्या काळात मी रोज भांडत होते. त्याने कधी वही आणली नाही. तो ओरडायचा परत. ओरड की तूपण, कोण नको म्हणतंय!"

आर्गिरिसने स्तमाताकडे पाहिलं. पावाची एक चकती परातीत बुडवून तिने ती त्याच्या हातात दिली. क्रीम लागलेल्या बोटांनी त्याने ती घेतली, खाल्ली. मग बराच वेळ चावत राहिला.

"खाच पाडल्यात फोडींना," तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात दुकानदार नव्हता, हाताने काम करणारा माणूस होता. "म्हणून रस आत गेलाय. हे कुणी शिकवलं?"

"माझ्या आईने," आसिमिना म्हणाली.

त्याने पेन्सिल कानावर लावली. वहीत लिहायची ती ओळ कोरीच राहिली. स्तमाताने वही मिटली, दोरी गुंडाळली आणि तिच्यावर पॅटिसचा ट्रे ठेवला.

"आणखी दोन पाव देते पोलिक्सेनी. लवकर जा, पाहुणी उपाशी आहे."

"पैसे घे."

"घेणारच आहे."

पोलिक्सेनीने परात उचलली आणि सुनेच्या हातात दिली. मग विचार बदलून एका बाजूने स्वतः धरली. दोघी दाराकडे निघाल्या. दारातून ती ओरडलीच, "पुढच्या रविवारी बटाटे! माझे! आणि ही बिही मंगळवारी घरात करेल, तेव्हा मी उभी राहून बघणार आहे, दालचिनी किती घालते ते!" मग ती थबकली, परत फिरली. आसिमिनाला तसंच उभं करून तिने परातीतली एक फोड काढली आणि काउंटरवरच्या ताटलीत ठेवली. "हे राहिलं होतं. करपलेली कड आहे, चांगली नाही दिली हं."

कड मुळीच करपलेली नव्हती.

रांग पुन्हा हलली. कुणाला पाव कमी भाजलेला हवा होता, कुणाला जास्त. एकीने कालच्या बिस्किटांत तीळ कमी असल्याचं सांगितलं. स्तमाताने तिला मुठीने वेगळे तीळ दिले, म्हणाली, घरी जाऊन लावा. फावडं भिंतीला टेकवताना ओठांवर आपोआप ओळी आल्या. सकाळी अडलेल्या.

बटाटे गं गेले, बंदर बघायाला
अंगणीची बिही आली घर राखायाला

"काय म्हणालीस मावशी?" आर्गिरिसने विचारलं.

"काही नाही. पुढच्या रविवारी लाकूड जास्त लागेल, सांगून ठेव."

एक वाजता तिने दार लावलं. घरी खिडकीपाशी ताटली ठेवली. आधी लसणाची पाकळी पावावर चेचली, मग कोझ्मासकाकांचा बटाटा. आत कच्चाच होता, नेहमीसारखा. मग कोपऱ्यावरच्या शिंपिणीचं वांगं. बिहीची फोड तिने शेवटी ठेवली होती. ती खाल्ली, ताटली पावाने पुसून घेतली, आणि तो पावही खाल्ला.